आम्ही आणि आपण



स्मृतिव्याख्यानासाठी विद्वान वक्ता बोलवावा, असा संकेत आहे. मी विद्वान नाही. रासायनिक कारखान्यात तीसएक वर्षे नोकरी करून निवृत्त झालेला अभियंता आहे. सरांच्या हाताखाली चार वर्षे इंग्रजी शिकलो, एवढाच काय तो माझा अधिकार. म्हणून सर काय शिकवीत, कसे शिकवीत आणि त्या शिकवणीचे पुढे काय झाले, एवढेच मी सांगणार आहे. त्यातला शेवटचा भाग सुखाचा नाही. पण तो वगळला तर आजच्या दिवसाला अर्थ उरणार नाही.

१९६३ च्या जून महिन्यात मी आठवीत आलो. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले होते आणि १९६० पासून आपण गुजरात राज्यात होतो. इंग्रजी पाचवीपासून शिकवावे की आठवीपासून, हा वाद त्या काळी गुजरातेत गाजत होता. आमच्या वाट्याला आठवी आली. म्हणजे घरी मराठी आणि रस्त्यावर गुजराती बोलणाऱ्या मुलांना अवघ्या चार वर्षांत एस. एस. सी.च्या इंग्रजीपर्यंत नेऊन पोहोचवायचे होते. हे काम सरांकडे होते.

पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर मुळाक्षरे लिहिली नाहीत. "शाळेत येताना वाटेत काय पाहिलेस, ते मराठीत चार वाक्यांत सांग," असे त्यांनी एकेकाला उभे करून विचारले. दांडिया बाजारातून आलेला एक मुलगा म्हणाला, "काही नाही पाहिले, सर." सर हसले नाहीत की रागावलेही नाहीत. म्हणाले, "मग इंग्रजीत तरी काय सांगशील? जे मराठीत नीट सांगता येत नाही, ते इंग्रजीत सांगता यायचे नाही." पुढची चार वर्षे त्यांनी हे एकच सूत्र धरून ठेवले.

त्यांचे व्याकरण पुस्तकातून निघत नसे. आमच्या तोंडच्या बोलीतून निघे. गुजरातीत 'काले' म्हटले की कालचा दिवसही होतो आणि उद्याचाही. 'गई काले' की 'आवती काले', ते स्पष्ट करावे लागते, नाहीतर क्रियापदाकडे पाहावे लागते. मराठीत 'काल' म्हणजे गेलेलाच दिवस. या एका शब्दावरून गल्लीत आमचे किती घोटाळे होत, ते सरांना ठाऊक होते. त्याच घोटाळ्यातून त्यांनी आम्हांला काळ शिकवले. 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी चिंच खाल्ली' यांत क्रियापद बदलते, इंग्रजीत ते का बदलत नाही, याचा शोध त्यांनी आमच्याकडूनच लावून घेतला. नियम शेवटी येई, आणि येईपर्यंत तो आमचाच झालेला असे.

एका तासाची आठवण विशेष आहे. 'आम्ही' आणि 'आपण' या दोन्ही शब्दांना इंग्रजीत 'वी' हा एकच शब्द आहे, हे सांगून सरांनी विचारले, "'वी' म्हणणारा मनुष्य समोरच्याला आपल्यात धरतो की वगळतो, हे कसे ओळखायचे?" कोणालाच उत्तर आले नाही. सर म्हणाले, "शब्दावरून ओळखता येत नाही. तो पुढे काय करतो, त्यावरून ओळखायचे." त्या दिवशी आम्हांला हे व्याकरणच वाटले.

शनिवारी दुपारी ते आम्हां सात-आठ जणांना मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात नेत. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० साली ग्रंथालयांच्या कामासाठी बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल येथे आणले, हे आम्ही प्रथम सरांकडून ऐकले. काचेच्या जाड लाद्यांची जमीन असलेले ते ग्रंथांचे मजले आम्ही बिचकत पाहिले. शिकलेला मनुष्य वाचायला मिळाले नाही तर शिकलेले विसरतो, म्हणून महाराजांनी लाकडी पेट्यांतून खेडोपाडी पुस्तके पाठविली, असे सर सांगत. अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत याच गावी होते. महाविद्यालयात ते इंग्रजी शिकवीत आणि इंग्लंडात वाढलेला हा मनुष्य येथे बसून संस्कृत व बंगालीचा अभ्यास करीत असे, हेही सर आवर्जून सांगत. "उत्तम इंग्रजी येत होते, म्हणून तर त्यांना आपल्या भाषांची गरज कळली," हा त्यावरचा त्यांचा शेरा.

सरांची प्रतिमा उजळून सांगणे मला मंजूर नाही. त्यांचे उच्चार चांगले नव्हते. कोकणातल्या बोलीचा हेल त्यांच्या इंग्रजीत उतरे आणि आम्ही मागच्या बाकावर त्याची नक्कल करीत असू. एकदा ती त्यांनी ऐकली. म्हणाले, "माझे उच्चार असेच राहणार. तुमचे सुधारले पाहिजेत." दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या रेडिओवर इंग्रजी बातम्या ऐकणे सुरू झाले. ते स्वतःही आमच्यासोबत वही घेऊन बसत. रागीट होते, खडू फेकून मारीत. पण आपल्या वर्गातल्या मुलाची शिकवणी पैसे घेऊन त्यांनी कधी केली नाही. कच्च्या मुलांसाठी सकाळी सातला ते स्वतः वर्ग उघडून झाडून घेत आणि शिकवीत.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. मी दहावीत असताना वडील अकस्मात गेले. आईला त्यांचे राहिलेले पैसे मिळण्यासाठी एका कचेरीत अर्ज करायचा होता आणि तो इंग्रजीत हवा होता. मी एका छापील नमुन्यावरून अर्ज उतरवून सरांकडे नेला. त्याचा आरंभ 'आय बेग टू स्टेट' असा होता. सरांनी त्यावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली. "हे तुझ्या आईचे म्हणणे आहे का? तिला विचारलेस?" मी गप्प राहिलो. ते माझ्याबरोबर घरी आले, उंबऱ्याशी चपला काढून आत आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, तुम्ही मराठीत सांगा. हा लिहून घेईल. घाई नाही."

आई बोलू लागली. नोकरी किती वर्षे झाली, शेवटचा पगार कधी आला, घरात खाणारी तोंडे किती, सगळे तिने क्रमाने सांगितले. मी लिहिले. त्याखाली एक एक वाक्य घेऊन आम्ही इंग्रजी केले. नमुन्यातली सगळी लवून केलेली वाक्ये गेली. "आपण भीक मागत नाही, हक्काचे मागतो आहोत. नम्रपणे मागू, पण सरळ मागू," असे सर म्हणाले. अर्ज एका पानाचा झाला. सात महिन्यांनी पैसे आले. अर्जाच्या भाषेमुळे आले, असा माझा दावा नाही. पण त्या दिवशी आईने आपले म्हणणे कोणाकडूनही न बदलता कचेरीपर्यंत पोहोचविले, हे मी पाहिले. इंग्रजी कशासाठी शिकायची, ते मला तेव्हा कळले.

यानंतरचा भाग कबुलीचा आहे. त्या इंग्रजीवर मी अभियंता झालो, कारखान्यात अहवाल लिहिले, बढत्या घेतल्या. आणि माझी दोन्ही मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातली. सरांच्या निवृत्तीनंतर एकदा रावपुऱ्यात त्यांची गाठ पडली. त्यांनी मुलांची शाळा विचारली, मी सांगितली. त्यांनी दोष दिला नाही. एवढेच विचारले, "आजीला पत्र कोण लिहिते?" माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिला मराठी बोलता येई. लिहिता येत नव्हते. मी हसून विषय बदलला. सरांनी बदलू दिला.

आपल्या शाळेचे मराठी वर्ग कसे रोडावत गेले, ते आपण पाहिले आहे. याची पुष्कळ कारणे सांगता येतील आणि ती खोटी नाहीत. परंतु एक कारण या सभागृहात बसलेले आहे. मराठीतून उत्तम इंग्रजी शिकता येते, याचा जिवंत पुरावा आम्ही होतो, आणि तो पुरावा आम्हीच मानला नाही. सरांनी आम्हांला पूल बांधून दिला. आम्ही पलीकडे गेलो आणि मागे वळून पाहिले नाही. मुलांना दोष देऊन उपयोग नाही. निवड आम्ही केली होती.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत तो मराठी मसुदा सापडला. माझे अक्षर, सरांच्या पेन्सिलीच्या खुणा. इंग्रजी अर्जाची प्रत तिने ठेवली नव्हती. जे तिने स्वतः सांगितले होते, ते ठेवले होते. तो कागद मुलीला दाखविला तेव्हा ती एक एक अक्षर लावीत वाचू लागली. अर्ध्यावर थांबून म्हणाली, "बाबा, मला नीट वाचायला शिकवा." चाळिशीतल्या मुलीला आता मी दर रविवारी मराठी शिकवितो. सरांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला उशीर झाला, एवढेच म्हणतो.

तो कागद आज मी शाळेच्या स्वाधीन करीत आहे. त्याबरोबर एक विनंती आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना शक्य असेल त्यांनी महिन्यातला एक शनिवार येथील मुलांना द्यावा आणि सर शिकवीत तसे, मराठीतून, इंग्रजी शिकवावे. माझे नाव पहिले लिहावे. 'आम्ही या शाळेचे माजी विद्यार्थी' असे म्हणणे सोपे आहे. 'आपली शाळा' म्हणायचे तर आपण पुढे काय करतो, त्यावरूनच ते ओळखले जाईल. सरांनी तसे सांगून ठेवले आहे.