फाइलीवर कुणाचं नाव?

(नागपूरच्या कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



मोर्चा असो की सभा, आता आपणच चित्रण करतो. पण केलेलं चित्रण ठेवायचं कसं, ते कुणी शिकवलं नाही. माझीच चूक सांगते. २०२४ च्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, दीक्षाभूमीवर आम्ही दोघी दोन कॅमेरे घेऊन होतो. कॅमेरे एकाच जातीचे, त्यामुळे फाइलींचे क्रमांकही तेच. रात्री दोन्ही कार्डं मी एकाच फोल्डरमध्ये उतरवली. ‘आधीची फाइल बदलू का?’ असं कॉम्प्युटरने विचारलं. झोपेत होते, ‘हो’ म्हटलं. १९५६ साली आईचं बोट धरून आलेल्या एका आजीचं बोलणं त्यात पुसलं गेलं.

तेव्हापासून एका कार्डाला एक फोल्डर. त्याच्या नावात आधी वर्ष, मग महिना, तारीख, जागा, कुणी घेतलं आणि कार्ड क्रमांक. नुसतं ‘दसरा’ लिहून भागत नाही. २०२३ चा दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२५ चा २ ऑक्टोबरला. वर्ष आधी लिहिलं की फोल्डर आपोआप ओळीने लागतात. कार्डातल्या मूळ फाइलींची नावं मात्र बदलू नका, काही कॅमेऱ्यांच्या फाइली एकमेकींना नावानेच ओळखतात. दोन डिस्कवर दोन प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, आणि त्या डिस्क दोन घरांत ठेवायच्या.

बाकीचं वहीत. संकलन करणारी मैत्रीण सभेला नव्हती, तिला तुमच्या वहीवरच काम करायचं असतं. कोण बोललं, कुठल्या मिनिटाला, कशाबद्दल. आमची जुनी वही काढून बघितली तर मंचावरच्या पुरुषांची नावं आडनावासकट, आणि बायका? ‘गर्दी’, ‘बाई १’, ‘बाई २’! याच नागपुरात २० जुलै १९४२ ला दलित महिला परिषद भरली होती. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे होत्या हे आज सांगता येतं, कारण तेव्हा कुणी तरी लिहून ठेवलं. कितीतरी जणींचं कुणी लिहिलंच नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) साठी बायकांना शोधून, भेटून बोलतं करावं लागलं. आणि आपण हातात कॅमेरा असून ‘गर्दी’ लिहितो.

पण सगळीच नावं लिहायची नाहीत. बलात्कारपीडितेची ओळख प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. फाइलीचं नाव फाइलीबरोबर कुठेही जातं, दुकानातल्या कॉम्प्युटरवरही. अशा वेळी फाइलीवर फक्त क्रमांक, आणि नावांची वही वेगळी, कुलपात, एकीच्याच ताब्यात.

परवानगीचाही रकाना हवा. चेहरा चालेल का, आवाज चालेल का. माहेरी असताना ‘हो’ म्हणालेली बाई सासरी परतल्यावर ‘नको’ म्हणते. तिचा तो हक्क आहे. वही नीट असेल तर तिच्या सगळ्या फाइली पाच मिनिटांत सापडतात.

त्या आजींना आम्ही २०२५ ला गर्दीत शोधलं. चेहरा आठवत होता, पण नाव मी विचारलंच नव्हतं.

आता वहीची कोरी पानं वाटते. सकाळपासून जे चित्रण झालंय, तेच लिहून काढू.