मिरगीची गोळी आणि सौंसरची सून

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याचं नाव काढलं की लोक गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, विचारतात, फार तर संत्री. मी आज तिकडच्या मिरगीबद्दल बोलणार आहे.

त्याच भागातल्या सौंसरजवळ जाम सावळीचा मारुती आहे. भूतबाधा उतरावी म्हणून लांबलांबून माणसं तिथे येतात. मिरगीचा झटका आलेल्या पोरीला ‘बाहेरचं झालंय’ म्हणणारी घरं आपल्याकडे आहेतच. माझं भांडण मारुतीशी नाही. नारळ फोडा, पण गोळी चुकवू नका.

मेंदूत ग्लुटामेट हे रसायन पेशींना चेतवतं, गाबा हे रसायन आवरतं. हा तोल सुटून असंख्य पेशी एकदम चेतल्या की झटका येतो. 1912पासून मिरगीवर दिली जाणारी फिनोबार्बिटाल गाबाचा जोर वाढवते. फेनिटॉइन पेशीत सोडियम शिरणं आवरते. योग्य औषधं नियमित मिळाली तर सुमारे 70 टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात.

नवं औषध म्हणजे चांगलं, असं आपण धरून चालतो. फिनोबार्बिटाल स्वस्त, निम्मं औषध रक्तातून जायला तीन-चार दिवस लागतात. नवं लेव्हेटिरासिटाम निम्मं व्हायला सहा ते आठ तास पुरतात. संत्र्याच्या तोडीच्या दिवसांत औषधासाठीची नागपूरची फेरी टळली, गोळ्या संपल्या, तर कोणत्या औषधावरचा रुग्ण आधी उघडा पडेल? अर्थात फिनोबार्बिटालने गुंगी येते, शाळेतलं पोर मंदावतं, आणि तीही एकदम बंद करणं धोक्याचंच.

खरी अडचण लग्नात येते. हिंदू विवाह कायद्यात मिरगी नसणं ही 1999पर्यंत लग्नाची एक अट होती. कायद्यातून ती गेली. सोयरीक जुळवणाऱ्यांच्या डोक्यातून गेलेली नाही. मग माहेरचे लपवतात. सून गोळ्यांची पाकिटं पेटीच्या तळाशी ठेवते, सासू समोर असली की गोळी राहते. त्यात ती गोळी व्हॅल्प्रोएट या मिरगीच्या औषधाची असेल तर पोटातल्या बाळाला व्यंगाचा धोका. औषध बदलायचं ते गर्भ राहण्याआधी, डॉक्टरांच्या देखरेखीत. पण जे घरात सांगितलंच नाही, ते बदलायला ती जाणार कुणाबरोबर?

तुमच्यापैकी कुणी दुरून भाचीसाठी महागडं औषध पाठवत असेल, तर थांबा. पांढुर्ण्याच्या दुकानात दर महिन्याला मिळेल असं औषध तिच्या डॉक्टरांना लिहू द्या. पाठवायचेच असतील तर नागपूरच्या फेऱ्यांचे पैसे पाठवा, आणि एक फोन तिच्या सासूला करा.