श्रमिकाची सुटी आणि तिकिटाचे पाणी

(मलकापूर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजचा विषय वरवर पाहता क्षुल्लक आहे. आपल्या एका कार्यकर्त्याने गेल्या मे महिन्यात आई, पत्नी आणि दोन मुले यांना घेऊन मुंबई-पुणे रस्त्यावरील एका वॉटर पार्कमध्ये दोन दिवस घालविले. त्यांपैकी दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शाहूवाडीच्या तहसील कचेरीवर पाणीपट्टीच्या प्रश्नासाठी आपली निदर्शने होती. ते तेथे नव्हते. नंतर चहाच्या दुकानात जी चर्चा झाली तीत, "लोकांच्या नळाला पाणी नाही आणि आमचे साथी पाण्याच्या घसरगुंडीवर," असे एक वाक्य बोलले गेले. ते गावभर फिरले आणि त्यांच्या घरापर्यंतही पोहोचले. त्यानंतर ते बैठकीला येईनासे झाले.

ते वाक्य माझे होते. आज मला ते परत घ्यावयाचे आहे. मात्र त्या वाक्यामागचा जो प्रश्न होता तो मी सोडणार नाही, कारण तो प्रश्न खराच आहे. फक्त मी तो चुकीच्या माणसाला विचारला.

मी त्यांच्या घरी गेलो. ते भेटले नाहीत, त्यांच्या आई भेटल्या. वय सत्तरीच्या पुढचे. तेथे काय काय झाले ते त्यांनी सविस्तर सांगितले. दारावरच पिशवी तपासली आणि पहाटे उठून केलेल्या भाकऱ्या व शेंगदाण्याची चटणी बाहेर ठेवावयास लावली, कारण आत बाहेरचे अन्न चालत नाही. पुढे पाण्याशी गेल्यावर रखवालदाराने लुगड्यावर पाण्यात उतरू दिले नाही. नायलॉनचा पोशाख भाड्याने घ्यावा लागला, त्याची अनामत वेगळी. सून म्हणाली, नको, आपण काठावर बसू. पण नातीने हट्ट धरला, आणि आक्कांनी तो पोशाख घातला. मी विचारले, "आक्का, एवढा खर्च करून काय मिळालं?" त्या म्हणाल्या, "दादा, सगळा जन्म नदीवर धुणं धुण्यात गेला. पाण्यात नुसतं बसायचं असतं, हे ठावंच नव्हतं. आनि दोन दिवस चूल पेटवली न्हाई बघा."

साथींनो, मी चाळीस वर्षे भाषणे करीत आलो आहे. या वाक्यावर काय बोलावे ते मला त्या वेळी सुचले नाही.

सुटी ही कामगाराला कोणी दयेपोटी दिलेली नाही, हे आपण अभ्यासवर्गात शिकवितो. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आठवड्याची निश्चित सुटी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. त्या काळी स्त्रीने सभेत उभे राहून बोलणे ही केवढी गोष्ट होती याची कल्पना करा. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज सरकारी कचेरीपासून शाळेपर्यंत सारे ज्या रविवारचा उपभोग घेतात, त्याच्यामागे गिरणगावातील त्या बायकांचा आवाज आहे. दहा जून ही तारीख आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होती? मी हात वर करावयास सांगत नाही.

पगारी रजेसाठी याहूनही अधिक वर्षे लागली. १९३६ साली फ्रान्समध्ये आघाडीचे सरकार आले आणि प्रचंड संपानंतर तेथील कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता अशी कुटुंबे त्या उन्हाळ्यात समुद्रावर गेली. लिओ लाग्रांज या समाजवादी मंत्र्याने त्यांच्यासाठी रेल्वेभाड्यात ४० टक्के सवलतीचे तिकीट काढले. प्रतिष्ठितांच्या वर्तमानपत्रांनी त्या वेळी या कामगारांची टवाळी केली. सायकली घेऊन आलेले हे लोक आमचे किनारे घाण करतील, असा एकंदर सूर होता. माझ्या त्या वाक्यात तोच सूर मिसळला होता काय, असा प्रश्न मला पडला. गरिबाने मौज केली की ती आपल्याला उधळपट्टी वाटते, आणि श्रीमंताने केली की जीवनशैली. ही सवय डाव्यांतही आहे.

आपल्या देशात १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला, काम केलेल्या दर वीस दिवसांमागे एक, अशी पगारी रजा दिली. २०२० च्या संहितेत ही अट १८० दिवसांवर आणली गेली. कागदावर ही सुधारणाच आहे. पण शाहूवाडी तालुक्यात कारखान्याच्या हजेरीपटावर नाव असलेली माणसे किती? ऊसतोडीला जाणारे, गवंड्याच्या हाताखाली राबणारे, दुकानात उभे असणारे यांच्या जगात "पगारी रजा" हा शब्दच नाही. काम नसेल तो दिवस म्हणजे खाडा. सुटी आणि खाडा या दोन शब्दांतील अंतर हे वर्गाचे अंतर आहे.

याचे उदाहरण आपल्या दारातच आहे. येथून रत्नागिरीच्या रस्त्याने निघालात की आंब्यापर्यंत आणि पुढे घाटाच्या तोंडापर्यंत निवासांच्या पाट्या लागतात. पावसाळ्यात, शनिवार-रविवारी तेथे शहरांतील गाड्यांची रीघ असते. तेथे ताटे उचलणारी, चादरी बदलणारी, तरणतलावातील पाने काढणारी मुले आपल्याच वाड्यावस्त्यांची. हंगामात त्यांना आठवड्याची सुटी मिळते काय, हे त्यांच्यापैकी कोणालाही विचारून पाहा. दुसऱ्याची सुटी हेच ज्यांचे काम आहे, त्यांना सुटी नाही. आणि कायदा? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना आपल्या बहुतेक तरतुदींतून बाहेर ठेवले. सहा-सात पोरांवर चालणारे निवासगृह त्या कक्षेत येतच नाही. निदर्शने करावयाचीच तर ती येथे करावयास हवीत. ती आपण आजवर केली नाहीत, कारण तेथे आपली संघटना नाही. आपण ज्याला धारेवर धरले तो आपला सभासद होता आणि हाताशी होता.

आता पाण्याकडे येतो. माझ्या वाक्यातील खरा भाग तो होता.

पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि दोन मीटर खोल असा एक तरणतलाव भरावयाचा तर पंचवीस लाख लिटर पाणी लागते. ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर हे जलजीवन मिशनचे प्रमाण धरले, तर एवढे पाणी पंचेचाळीस हजार माणसांना एक दिवस पुरेल. येथे प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की वॉटर पार्कचे पाणी रोज फेकून देत नाहीत. ते गाळून, औषध घालून पुन्हा फिरविले जाते. बाष्पीभवनाने आणि गाळण्या धुण्यात जे जाईल तेवढे नवे घ्यावे लागते. तेव्हा वॉटर पार्कमुळे गावे तहानली, असे सरसकट म्हणणे हा प्रचार झाला, विचार नव्हे. मात्र दुष्काळाच्या वर्षी प्रश्नाचे स्वरूप बदलते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. म्हणजे आपल्या हिशेबातला एक तरणतलाव अशा पाच गाड्यांचा. ते पाणी कृष्णेचे होते. आपल्या तालुक्यात कोसळणारा पाऊस कडवीत उतरतो, कडवी वारणेला मिळते आणि वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला. मिरज त्याच्या खालच्या अंगाला. त्या गाडीत आपल्या डोंगरातलाही काही अंश असणार. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने क्रिकेटचे आयपीएल सामने एप्रिलअखेरीनंतर महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. खेळाच्या पाण्यावर पिण्याच्या पाण्याचा अग्रहक्क आहे, हे तत्त्व तेथे मान्य झाले. आपली मागणी या तत्त्वाची हवी, खेळच नको अशी नव्हे.

परदेशात हे प्रकरण कोठवर गेले आहे तेही पाहा. तेथे अख्खी जलउद्याने छपराखाली नेऊन त्यांना हॉटेल जोडण्याची प्रथा रूढ झाली. कुटुंबाने दोन-तीन दिवस राहावे, आतच खावे, आतच पोहावे, आणि जाताना खिसा रिकामा करून जावे. जपानमध्ये मियाझाकी येथे १९९३ साली ओशन डोम नावाचे असे प्रचंड दालन उघडले. आत कृत्रिम लाटा, कृत्रिम वाळू, उघडझाप होणारे छप्पर. आणि खरा समुद्र? तो काही शे मीटरवर होता! सरकारने १९८७ साली खास कायदा करून अशा रिसॉर्टांना उत्तेजन दिले होते. प्रकल्प तोट्यात गेला, त्याच्या कंपनीचे २००१ साली दिवाळे वाजले आणि २००७ साली ते दालन बंद झाले. जर्मनीत बर्लिनच्या दक्षिणेस एक विमानतळ होता, तेथे सोव्हिएत सैन्याचा तळ असे. सैन्य गेल्यावर एका कंपनीने अवजड माल वाहणारी हवाईजहाजे बांधण्यासाठी तेथे एक अवाढव्य शेड उभारली. ३६० मीटर लांब, १०७ मीटर उंच. २००२ साली ती कंपनी बुडाली. जेथे यंत्रे बांधली जाणार होती तेथे २००४ च्या अखेरीस उष्णकटिबंधातील सरोवर आणि ताडाची झाडे आली. आपल्या लोकांना याचे नवल वाटू नये. मुंबईत फिनिक्स मिलचे काय झाले? जेथे चाती फिरत होती तेथे आज दुकाने आणि करमणुकीची दालने आहेत. १९८२ च्या संपात ज्यांचे संसार उद्ध्वस्त झाले त्यांत आपल्या तालुक्यातील माणसे होती. मे महिन्यात पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीतून उतरणारा गिरणीकामगार मला आठवतो. त्या पंधरा दिवसांच्या रजेत तो घराची कौले परतत असे. त्याच्या सुटीतही कामच होते.

तेव्हा छपराखालचे पाणी हे मुळातच भांडवलशाहीचे अपत्य आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. १९२६ साली व्हिएन्ना शहरात समाजवादी नगरपालिकेने फावोरिटन या कामगारवस्तीत अमालियनबाद नावाचे स्नानगृह बांधले. एका समाजवादी नगरसेविकेचे नाव त्याला दिले. तेराशे माणसांची सोय, मोठा तरणतलाव, वर काचेचे छप्पर, आणि हवा चांगली असली की ते छप्पर यंत्राने उघडावयाचे. ज्यांच्या खोल्यांत न्हाणीघरे नव्हती त्या कामगारांसाठी हे वैभव सार्वजनिक पैशातून उभे राहिले, आणि दुसऱ्या महायुद्धात पडझड होऊनही ते टिकले. छप्पर तेच आणि पाणीही तेच. फरक मालकाचा आहे.

येथे एक गोष्ट बाजूला ठेवून चालणार नाही. सार्वजनिक पाणी हा शब्द आपल्या देशात साधा नाही. या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांना १९१९ साली सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढावे लागले, आणि १९२७ च्या मार्चमध्ये महाडला डॉ. आंबेडकरांना तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. माझ्या परिचयाचे एक दलित शिक्षक मला म्हणाले, "तुम्ही नदीच्या घाटाचं कौतुक सांगता, पण कुठं कोण उतरायचं हे घाटावर ठरलेलं असायचं. वॉटर पार्कमध्ये तिकीट दाखवलं की कोणी जात विचारत नाही." याला माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हते. पैशाने विकत घेतलेली समता अपुरी आहे हे खरे. परंतु जुन्या घाटाच्या आठवणींत रमून तिच्यावर मात करता येणार नाही. घाटावरही आक्का धुणेच धूत होत्या, हे विसरू नये.

आता कामाचे बोलू. आंब्याच्या बाजूच्या निवासांत काम करणाऱ्या मुलांची यादी करावयाची आहे. कोण किती तास काम करतो, सुटी कोणती, पगार किती. पहिली मागणी आठवड्याच्या पगारी सुटीची, आणि ती आस्थापना कितीही लहान असली तरी. दुसरी गोष्ट मुलांची. या पाण्याच्या तालुक्यात नद्या आहेत, धरणे आहेत; पण जिल्हा परिषदेच्या किती शाळांत पोहणे शिकविले जाते, याची माहिती अर्ज करून मागवावी. मुलींसाठी वेगळी विचारावी. पाण्याची भीती बाळगून मोठ्या होणाऱ्या मुली धरणाच्या काठी राहतात, हे मला त्या दिवसापर्यंत खटकले नव्हते. आणि नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर आपण बोलू तेव्हा गटार आणि दिवाबत्तीबरोबर सार्वजनिक तरणतलावाचाही शब्द निघाला पाहिजे. कोणी हसले तर हसू द्यावे.

पाणीपट्टीची निदर्शने पुन्हा करावयाची आहेत. ती तारीख ठरविताना मात्र कोणाची रजा कधी आहे हे आधी विचारून घ्यावे, एवढी माझी सूचना आहे.

आपले साथी आज मागच्या बाकावर बसले आहेत. मी त्यांची क्षमा मागितली आहे. ती घरी मागितली होती, म्हणून येथे पुन्हा मागतो, कारण ते वाक्य चारचौघांत बोलले गेले होते. आक्काही आल्या आहेत. यादीचे काम कोणी घ्यावयाचे ते नंतर ठरवू. आधी त्यांना काही बोलावयाचे आहे, त्यांना पुढे येऊ द्या.