वार की मीटर? आधी विचारा!

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



मी सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो. मोजमाप हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. म्हणून आज फूट, वार आणि मीटर यांच्याविषयी चार गोष्टी सांगतो. विषय शाळेतला वाटेल, पण आपल्या कष्टाचा पैसा त्यात अडकलेला असतो.

मीटर-किलोचा कायदा १९५६ साली झाला. सरकारी कागद मीटरमध्ये आले, तरी बोलण्यातून फूट आणि वार गेले नाहीत. आपल्या सुरतचे कापडच घ्या. ताका मीटरने मोजतात, पन्हा मात्र इंचात सांगतात. प्लायवूड आठ बाय चार फुटांचे, जाडी १८ मिलिमीटर. १२ मिलिमीटरच्या सळीला जुना मिस्त्री अजून चार सूत म्हणतो. आपल्याला खानदेशातून इथे आणणाऱ्या उधना-जळगाव रेल्वेच्या रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे तेच जुने साडेपाच फूट.

एक वार म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर. नऊवारी लुगडे झाले ८.२३ मीटर. आठ मीटरच कापड घेतले तर २३ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर कमी भरते. लुगड्यात वीतभर चालवून घेता येईल, घरात नाही.

इकडे प्लॉटचा भाव वारावर बोलतात, दस्तावर आकडा चौरस मीटरचा असतो. कोणी म्हणाले, "साठचा प्लॉट आहे." साठ काय? ६० चौरस मीटर म्हणजे जवळपास ६४६ चौरस फूट. ६० वार म्हणजे ५४० चौरस फूट. फरक १०६ चौरस फुटांचा, म्हणजे दहा बाय दहाची एक खोली! घेणारा मनात मीटर धरतो, देणारा वार धरतो, आणि दस्त वाचला जातो बयाणा दिल्यानंतर.

दुसरी चूक गुणाकाराची. एक मीटर ३.२८ फूट, म्हणून चौरस मीटरलाही ३.२८ ने गुणणारे पुष्कळ आहेत. क्षेत्रफळात लांबी आणि रुंदी दोन्ही येतात, म्हणून ३.२८ दोनदा गुणायचे. एका चौरस मीटरचे १०.७६ चौरस फूट होतात. तसेच तीन फुटांचा वार, पण चौरस वारात नऊ चौरस फूट.

गावाकडच्या शेतीचेही तेच. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, भावकीत वाटणी एकर-गुंठ्यात बोलतात. ०.८१ हेक्टर म्हणजे दोन एकर. तो आकडा एकराचा समजून सही केली, तर जवळजवळ सव्वा एकर हातचे जाईल. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. आर बरोबर १०० चौरस मीटरचा. म्हणून गुंठा आणि आर जवळपास सारखे धरले तरी अंदाज चुकत नाही. मात्र ४० गुंठ्यांचा एकर आणि १०० आरचा हेक्टर, हे विसरू नका.

आता तोंडी हिशोब. चौरस मीटरचे वार करायचे तर पाचवा भाग मिळवा: ६० चे ७२. वाराचे चौरस मीटर करायचे तर सहावा भाग वजा करा: ७२ चे ६०. मोबाईल काढायचीही गरज नाही. हा अंदाज झाला. दस्ताच्या वेळी पक्का हिशोब करून घ्या.

आणि जागेवर टेप घेऊन जा. लांबी-रुंदी स्वतः मोजा, दस्ताशी ताडून पाहा, मगच बयाणा द्या. विचारायला संकोच नको. आपल्या अहिराणीत सरळ विचारा, "भाऊ, हाई वार शे का मीटर?" उत्तर कागदावर लिहून घ्या. आपल्या घरातली शिकलेली मुले-मुली हा हिशोब दोन मिनिटांत करतात. व्यवहाराला जाताना त्यांना सोबत न्या.

विघ्नहर्ता सर्वांना हक्काचे घर देवो, आणि ते पुरेपूर मापाचे देवो. गणपती बाप्पा मोरया!