भाडं इथलं, मालक तिकडचा

मागच्या भागानंतर दोघीतिघींनी विचारलं, की ताई, गटाच्या जागेच्या भाड्याचा विषय एकदा घ्या. आज तोच घेते, कारण त्यात आमचा गट स्वतःच तोंडावर आपटलेला आहे.

आपल्या चिपळूण-गुहागरकडे बंद घरं किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. मालक मुंबईला, नाहीतर दुबईला, लंडनला. घर नुसतं पडून वाळवी लागण्यापेक्षा कुणी वापरलेलं बरं, म्हणून आपल्यासारख्या गटांना ते भाड्याने मिळतं. आमचा गट कोकम आगळ, आंबापोळी आणि कुळथाचं पीठ करतो. आम्हालाही असंच एक घर मिळालं. ऐसपैस पडवी, मागे विहीर, भाडं महिन्याला ६,००० रुपये. मालक लंडनला. त्यांचे थोरले भाऊ गावातच राहतात, त्यांना आम्ही सगळ्या दादा म्हणतो. भाडं दर महिन्याला दादांच्या खात्यात जायचं, एकही महिना चुकला नाही. आमच्या खजिनदारबाईंना त्याचा केवढा अभिमान!

तीन वर्षांनी अन्न प्रक्रियेच्या कर्जासाठी कागद गोळा केले. सीएंनी भाडेकरार वाचला, मालकाच्या पत्त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे परदेशात राहतात? मग टीडीएस कापलात का?"

आम्ही एकमेकींकडे बघत बसलो.

टीडीएस म्हणजे पैसे देतानाच त्यातला कर कापून सरकारात भरणं. मालक भारतात राहणारा असेल, तर महिन्याला ५०,००० च्या आत भाडं देणाऱ्या साध्या माणसाला ही भानगड नसते, म्हणून आपण हा शब्द कधी मनावर घेत नाही. पण मालक अनिवासी असेल तर तिथे अशी खालची मर्यादाच नाही. भाडं ५०० रुपये असलं तरी कापायचं. दर ३० टक्के, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. आणि कापायची जबाबदारी भाडेकरूची. भाडेकरू एकटी बाई असो की बचत गट, सुटका नाही.

आमचा हिशोब काय झाला बघा. तीन वर्षांचं भाडं २,१६,००० रुपये. त्याचे ३१.२ टक्के ६७,३९२ रुपये. भाडं तर पूर्ण देऊन झालेलं, आणि कर कापला नाही म्हणून तेवढी रक्कम आता गटाकडून मागता येत होती, वर व्याज. दहा बायकांचा गट आमचा. त्या रात्री मला झोप लागली नाही. भाडेकरार मीच वाचून दाखवला होता ना सगळ्यांना!

"पण पैसे तर दादांच्या खात्यात जात होते, दादा इथलेच," असं आमच्या एका काकूंनी विचारलं, आणि प्रश्न बरोबर होता. उत्तर असं, की पैसे कुणाच्या खात्यात गेले हे बघत नाहीत, घर कुणाचं आहे ते बघतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा, त्यावर नाव कुणाचं ते बघा. भाऊ, मेहुणा, मुखत्यारपत्रवाला हे फक्त पैसे घेणारे. दुसरा गैरसमज, की मालकाचं एनआरओ खातं आहे म्हणजे बँक कापेल. बँक त्या खात्यावरच्या व्याजावर कर कापते, आपल्या भाड्यावर नाही. तिसरा, की दुबईत पगारावर आयकर नाही म्हणून दुबईवाल्याला कसला कर. घर इथे आहे ना, मग त्याच्या भाड्यावर कर इथलाच.

अनिवासी कोण, हे पासपोर्टवरून ठरत नाही, दिवसांवरून ठरतं. एप्रिल ते मार्च या वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात राहिला तर तो इथला रहिवासी. गणपतीला आणि मे महिन्यात येऊन जाणारे बहुतेक सगळे अनिवासीच.

आम्ही वाचलो ते मालकामुळे. दादांनी फोन लावून दिला, मी भीत भीत सांगितलं. ते म्हणाले, "अहो, इथेही हेच आहे." ब्रिटनमध्ये घरमालक परदेशी राहत असेल आणि आठवड्याला १०० पौंडांपेक्षा जास्त भाडं थेट त्याला जात असेल, तर तिथल्या करखात्याने सूट दिलेली नसल्यास भाडेकरू २० टक्के कापून भरतो. हे मालक दर वर्षी भारतात विवरणपत्र भरत होते आणि त्यात आमचं भाडं दाखवलेलं होतं. मालकाने ते उत्पन्न दाखवून त्यावरचा कर भरलेला असेल, तर सीएचा तसा दाखला देऊन भाडेकरूची मूळ रकमेतून सुटका होते. आम्हाला फक्त व्याज लागलं, महिन्याला १ टक्का, ते साडेसहा हजारांच्या आसपास गेलं. वर सीएची फी. त्या दिवाळीला गटाने नफा वाटला नाही. मालकाने विवरणपत्र भरलं नसतं, तर मी आज हे इतक्या मोकळेपणाने सांगू शकले नसते.

आता आम्ही काय करतो ते सांगते. टॅन नावाचा दहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक काढला. इथे नुसता पॅन चालत नाही. ६,००० मधून १,८७२ कापतो, मालकाला ४,१२८ जातात. कापलेले पैसे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत भरतो, मार्चचे ३० एप्रिलपर्यंत. दर तीन महिन्यांनी विवरण जातं. ते उशिरा गेलं तर दिवसाला २०० रुपये शुल्क, म्हणून ते काम सीएंकडेच ठेवलंय. मग मालकाला प्रमाणपत्र मिळतं.

मालक कुरकुरणारच. पण हे पैसे बुडत नाहीत, त्याच्या पॅनवर जमा होतात. भाड्यातून घरपट्टी आणि ३० टक्के वजावट मिळते, आणि भारतात दुसरं उत्पन्न नसेल तर एवढ्याशा भाड्यावर कर बसतच नाही. विवरणपत्र भरलं की परतावा मिळतो. नाहीतर त्याने आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधीच आणावा. राहत्या देशात हे भाडं दाखवायचं की नाही, हे त्याने तिथल्या कायद्याप्रमाणे बघायचं.

एका वाक्यापासून मात्र जपा. "मला ६,००० हातात हवेत, कर तुमचा तुम्ही बघा." असं करारात लिहिलंत तर भाडं ६,००० राहत नाही, ८,७२१ च्या आसपास जातं. हिशोब केल्याशिवाय अंगठाही लावू नका आणि सहीही करू नका.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही होते. कुणाचा मुलगा दुबईत घर घेऊन कायमचा परत आला आणि ते घर तिथे भाड्याने दिलं, तर सुरुवातीच्या वर्षांची सवलत संपल्यावर ते भाडं इथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं, आणि परदेशातलं घरही. लपवलं तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाखांचा दंड आहे. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी बोलू.

येत्या प्रभागसंघाच्या बैठकीला ज्यांची जागा भाड्याची आहे त्यांनी भाडेकराराची झेरॉक्स आणि नमुना ८ घेऊन या. मालक कुठे असतो ते आधी विचारून या, आणि विचारायला संकोच वाटला तर दादा-काकांना सांगा की समन्वयक ताईंनी विचारायला सांगितलंय.