घरची मोटार : किंमत आणि खर्च

विदर्भांतील शेतकरी बैलजोडी घ्यावयास बाजारांत गेला म्हणजे शिंगांना लावलेल्या हिंगुळाकडे पाहत नाहीं. तो बैलाचें तोंड उघडून दांत पाहतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून पाहतो, आणि ही जोडी किती वर्षें औताला चालेल याचा मनांतल्या मनांत हिशेब करतो. त्याच शेतकऱ्याचा नातू आज नागपुरांत नोकरी करतो. तो मोटार घ्यावयास दुकानांत गेला कीं, त्याची नजर प्रथम छपराच्या कांचेकडे, समोरच्या मोठ्या पडद्याकडे आणि चाकांच्या चकाकीकडे जाते. हाहि हिंगूळच, तो कारखान्यांतून लावून येतो इतकेंच.

धरमपेठेंतील एक कुटुंब श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. वडील नुकतेच सेवानिवृत्त झाले आहेत. हातीं आलेल्या रकमेंतून आठ लाख रुपये मोटारीसाठीं बाजूला काढले आहेत. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया वर्ष-दीड वर्षांत करावी लागणार, तिच्यासाठीं तीन लाख निराळे ठेवले आहेत. मुलगा म्हणतो, "बाबा, अजून तीन लाख घातले तर उंच, मोठी डिझेलची गाडी येईल. आईच्या वेळेला पाहिजे तर कर्ज काढूं." वडील म्हणतात, "अरे, पण आपण रोज जाणार कोठें?" प्रश्न साधा आहे. मोटारीचा बहुतेक हिशेब मात्र त्यांतूनच निघतो, आणि आईसाठीं ठेवलेले तीन लाख राहतात कीं जातात, हेंहि त्यांतच ठरतें.

दुकानांत सांगतात ती मोटारीची किंमत. खर्च पुढें दहा-बारा वर्षें घरीं येत राहतो. त्यांतला सर्वांत मोठा खर्च पेट्रोलचा नव्हे आणि दुरुस्तीचाहि नव्हे. तो आहे घसाऱ्याचा, आणि त्याची पावती कोणीच देत नसल्यामुळें तो कोणाच्या लक्षांत येत नाहीं. विमा उतरवितांना मोटारीची किंमत ज्या कोष्टकानें धरतात तें पाहिलें म्हणजे पुरे. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के वजा, वर्षाच्या आंत १५, दुसऱ्या वर्षीं २०, तिसऱ्या वर्षीं ३०, चौथ्या वर्षीं ४० आणि पांचव्या वर्षीं ५०. म्हणजे पांच वर्षांची होतां होतां मोटार कागदावर निम्मी उरते. ती उभी असो वा धांवत असो.

आतां आठ लाखांची मोटार चार वर्षांनीं चार लाखांना विकली असें समजावें. वर्षाला एक लाख रुपये गेले. तीच मोटार बारा वर्षें ठेवली आणि शेवटीं तिचे एकच लाख आले, तरी सात लाखांना बारांनीं भागून वर्षाचा खर्च सुमारें अठ्ठावन्न हजार येतो. त्यांत वाढत्या वयाच्या दुरुस्तीचे पंधरा हजार मिळविले, तरी पहिल्या रीतीपेक्षां वर्षाला सत्तावीस हजार वांचतात. दर चार वर्षांनीं मोटार बदलणारा गृहस्थ "माझी गाडी कधींच बिघडत नाहीं" असें सांगतो तेव्हां तें खरेंच असतें. न बिघडण्याची किंमत तो आगाऊ देत असतो.

तेव्हां मोटार निवडावयाची ती बारा वर्षें ठेवण्याच्या दृष्टीनें. येथें इंधनाचा प्रश्न येतो. धरमपेठेंतील कुटुंबाची मोटार सीताबर्डी, बँक, दवाखाना, मुलीचें घर आणि वर्षांतून दोन-तीन मोठे प्रवास, इतकीच धांवणार. वर्षाला आठ हजार किलोमीटर धरले तर पुष्कळ झाले. पेट्रोलची गाडी लिटरला १६ किलोमीटर देते व पेट्रोल १०० रुपये आहे असें धरल्यास वर्षाचे पन्नास हजार होतात. डिझेलची गाडी १८ देते व डिझेल ९० रुपये धरल्यास चाळीस हजार. वांचले दहा हजार. त्यासाठीं तीन लाख अधिक द्यावयाचे तर ते फिटण्यास तीस वर्षें लागतील! उलट, उमरेडला रोज जाऊन येणारा माणूस वर्षाला चोवीस हजार किलोमीटरांचा पल्ला सहज गांठतो. त्याची बचत वर्षाला तीस हजार; आणि एकाच मोटारीच्या डिझेल व पेट्रोल प्रकारांतील फरक दीड लाखाचा असला, तर तो पांच वर्षांत फिटतो. शेजाऱ्याचा सल्ला शेजाऱ्याच्या रस्त्यापुरता खरा असतो, तो असा.

डिझेलच्या बाबतींत आणखी एक गोष्ट आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर डिझेल मोटारींच्या धुराड्याच्या मार्गांत काजळी अडविणारी गाळणी आली. सांचलेली काजळी जळून जावयाची तर ती गाळणी चांगली तापावी लागते, आणि त्यासाठीं मोटार मोकळ्या रस्त्यावर कांहीं वेळ एका वेगानें धांवली पाहिजे. घरापासून बर्डीपर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीला तो योग येत नाहीं. गाळणी तुंबते, दिवा लागतो, आणि बिल हातांत आल्यावर मालकाला अर्थ कळतो.

पुण्या-मुंबईचे नातेवाईक "सीएनजी घ्या" म्हणून सांगतात. त्यांच्या गांवीं तें ठीक आहे. परंतु मार्च २०२२ मध्यें नागपुरांत सीएनजीचा दर किलोला १२० रुपयांवर जाऊन पेट्रोललाहि मागें टाकीत होता, कारण येथें नळानें गॅस येत नसे. तो दुरून टँकरनें आणावा लागे. पुढें दर खालीं आले. पण तेव्हां बचतीच्या आशेनें टाकी बसवून घेतलेल्यांना जो धडा मिळाला तो असा कीं, इंधनाचा भाव आपल्या गांवच्या पंपावर पाहावा, आणि पंपावरची रांगहि पाहावी.

विजेच्या मोटारीची गोष्टहि नागपूरकरांना नवी नाहीं. मे २०१७ मध्यें विजेवरील टॅक्सींचा मोठा प्रयोग याच शहरांत सुरू झाला. चार्जिंगसाठीं ताटकळत बसावें लागतें, धंद्याचा वेळ जातो, अशी चालकांची तक्रार वर्षभरांतच वृत्तपत्रांत आली. म्हणून विजेची मोटार टाकाऊ ठरत नाहीं; टॅक्सीची गरज निराळी आणि घरच्या मोटारीची निराळी. स्वतःच्या अंगणांत रात्रीं वायर लावतां येत असेल आणि रोजचें अंतर ठरलेलें असेल, तर तिचा रोजचा खर्च पेट्रोलच्या मानानें फारच थोडा येतो. सदनिकेंत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यानें मात्र आधीं सोसायटीची परवानगी मिळवावी आणि मग मोटारीचा रंग ठरवावा.

रंगावरून उन्हाळ्याची आठवण होते. २३ मे २०१३ रोजीं नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गांवीं छपराला कांच बसविलेली मोटार अधिक पैसे देऊन घेणें, आणि मग त्या कांचेखालीं पडदा ओढून एसी पूर्ण वेगानें चालविणें, यांतील मौज ज्याची त्यानें ओळखावी! खरें नुकसान बॅटरी व टायर यांचें होतें. बॅटरी थंडींत दगा देते असें आपण मानतों. पण तिचें आयुष्य खातें तें ऊन. उष्णतेनें आंतलें पाणी उडतें, पत्रे झिजतात, आणि पुढें डिसेंबरच्या एखाद्या सकाळीं ती उठत नाहीं एवढेंच. टायरचें रबर न चालतांहि कडक होतें. टायरच्या बाजूवर चार आंकडे कोरलेले असतात. "२३१९" म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी पांच-सहा वर्षांपुढें टायर जाणत्याला दाखवून घ्यावे. रेडिएटरमध्यें नळाचें पाणी ओतूं नये. कंपनीनें सांगितलेलें कूलंटच घालावें. झाडाखालच्या सावलीपेक्षां पत्र्याचें साधें छप्पर बरें, कारण झाडावर पक्षीहि राहतात.

आतां भरंवशाविषयीं. भरंवसा दोन प्रकारचा असतो : बिघडणार नाहीं हा एक, आणि बिघडल्यास आपल्या गांवीं दुरुस्त होईल हा दुसरा. मुंबईच्या कुर्ल्याला प्रीमियर कंपनीनें बनविलेली पद्मिनी दशकानुदशकें टॅक्सी म्हणून चालली, आणि वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तिची कीर्ति न बिघडण्याची नव्हती. कोणत्याहि कोपऱ्यावरचा मिस्त्री ती उघडून जोडूं शके, ही होती. डिसेंबर १९८३ मध्यें आलेली मारुति ८०० जानेवारी २०१४ पर्यंत बनत राहिली. तीन सिलिंडरांचें, ७९६ घनसेंटिमीटरचें तें छोटें यंत्र तीस वर्षें लोकांच्या हाताखालून गेलें; त्यामुळें खेड्यांतहि त्याचे भाग मिळत आणि ओळखणारे हात मिळत. हल्लींच्या मोटारींत संगणकाचा भाग मोठा असल्यानें कोपऱ्यावरच्या मिस्त्रीची सत्ता कमी झाली आहे. पण जी मोटार गांवांत हजारोंनीं फिरते तिचे सुटे भाग स्वस्त व ताबडतोब मिळतात, हा नियम बदललेला नाहीं. शेव्हरोलेची विक्री आपल्या देशांत २०१७ अखेर थांबली, फोर्डनें सप्टेंबर २०२१ मध्यें येथील उत्पादन बंद करण्याचें जाहीर केलें. त्यांच्या मोटारी वाईट होत्या असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु बारा वर्षांचा विचार करणाऱ्यानें कंपनीच्या मुक्कामाचाहि विचार करावा.

दुकानांत सूट किती, हें सगळेच विचारतात. त्याऐवजीं सर्व्हिसिंगच्या खिडकीशीं जाऊन क्लचचा संपूर्ण संच, पुढचा दिवा, बाजूचा आरसा आणि समोरची कांच यांची मजुरीसह किंमत लिहून मागावी, आणि भाग येण्यास किती दिवस लागतात तें विचारावें. दोन मोटारींमधला खरा फरक त्या चार ओळींत दिसतो.

कर्जाचें गणित थोडक्यांत असें : ९ टक्के व्याजानें सहा लाख घेतले आणि तीन वर्षांत फेडले, तर व्याज सुमारें ८७ हजार. सात वर्षांचे हप्ते घेतले तर हप्ता हलका, साडेनऊ हजारांच्या आसपास, पण व्याज दोन लाखांच्या वर. विम्यांत, दावा न केल्याबद्दलची सूट पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून पांच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत चढते. बंपरच्या ओरखड्यासाठीं दावा करणारा ती घालवून बसतो. ही सूट मोटारीची नसून मालकाची असते. जुनी मोटार विकली तरी ती नव्या मोटारीला लावून घेतां येते, आणि हें विक्रेता आपण होऊन सांगेलच असें नाहीं.

काटकसर कोठें करूं नये हेंहि सांगितलें पाहिजे. समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला आणि जून २०२५ मध्यें ७०१ किलोमीटरांचा सारा रस्ता पूर्ण झाला. आतां वर्षांतून एकदां का होईना, घरची मोटार १२० च्या मर्यादेपर्यंत धांवणारच. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशांतच मोटारींची धडक-चाचणी होऊन तारे दिले जातात. पडदा लहान चालेल, आसनें कापडाचीं चालतील. तारे पाहूनच मोटार घ्यावी, आणि त्या रस्त्याला लागण्यापूर्वीं टायरची हवा थंड असतांना तपासावी.

कोणी म्हणेल, दोन-तीन वर्षांची जुनी मोटार घेतली तर पहिला घसारा दुसऱ्याच्या माथीं जातो. हें अगदीं खरें, आणि पुष्कळांना तोच मार्ग बरा. पण दोन तारखा पाहाव्या. एक नोंदणीची : खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढें तपासणी करून पांच-पांच वर्षांनीं वाढवावी लागते, आणि त्याची फी एप्रिल २०२२ मध्यें पांच हजार झाली होती. दुसरी तारीख बनावटीची : एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या मोटारींचे भाग २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकतील असे केलेले आहेत, त्यापूर्वींच्या मोटारीबद्दल पुस्तिका उघडून खात्री करावी. इथेनॉलच्या लिटरमध्यें पेट्रोलच्या मानानें एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. तेव्हां ॲव्हरेज थोडें उतरलें तर मिस्त्रीवर संशय घेऊं नये.

धरमपेठेंतील कुटुंबानें कागदावर हें सारें मांडलें तेव्हां मुलगा बराच वेळ आंकडे खालून वर पाहत राहिला. नंतर त्यानें एवढेंच विचारलें, "आईला चढ-उतर करतां येईल ना पण?" वडिलांच्या हिशेबांत हा रकाना राहिलाच होता. रविवारीं तिघेंहि गेलीं. आई चार गाड्यांत बसून उठली. पहिलींत फार खालीं वांकावें लागलें, मोठ्या डिझेलच्या गाडींत पाय उचलून चढावें लागलें. तिसरींत ती सरळ बसली आणि सरळ उतरली. ती पेट्रोलची, मधल्या उंचीची, साध्या प्रकारची मोटार होती, आणि आठ लाखांत बसत होती. वडिलांनीं खिशांतली वही काढून तिच्या क्लचची व पुढच्या दिव्याची किंमत लिहून घेतली. मुलगा तोंवर खालीं बसून टायरवरचे चार आंकडे वाचीत होता.