भाव उंबऱ्यापाशी मोजायचा



मळवली स्टेशनावर उतरून द्रुतगती महामार्ग ओलांडला की भाजे लागतं. तिथून चढाचा रस्ता गायमुख खिंडीतून लोहगडवाडीला पोचतो. सहा-सात किलोमीटरची ही वाट लोहगड पाहायला येणाऱ्याला सुखाची वाटते. तेल, साखर, डाळ, कांदे घेऊन जो ती महिनोन्‌महिने चढतो, त्याला ती खर्चाची वाटते. दारात गाडी नसलेल्या घराने वाणसामान स्वस्तात कसं भरावं, याविषयी आज बोलायचं आहे.

आधी हिशोब. दुकानातली किंमत, जाण्यायेण्याचं भाडं आणि त्या दिवशी बुडालेला रोज, हे सगळं धरून वस्तूचा भाव घराच्या उंबऱ्यापाशी मोजावा. समजा, कामशेतला साखर किलोमागे दोन रुपयांनी स्वस्त मिळाली आणि तुम्ही पाच किलो घेतली. दहा रुपये वाचले. लोकलचं मळवली-कामशेत तिकीट पाच रुपये, म्हणजे जाऊन येऊन ते दहा तिथेच संपले. वर गावापर्यंतचं रिक्षाभाडं अंगावर आलं ते वेगळंच. लोकल स्वस्तच आहे, महाग पडतो तो शेवटचा चढ. म्हणून चार पैसे स्वस्त दुकान शोधण्याआधी चढाच्या फेऱ्या कमी करा. किरकोळ पुडी गावातल्याच दुकानातून घ्यावी. त्या दुकानदारानेही माल हाच चढ चढवून आणलेला असतो, त्याने रुपया-दोन रुपये जास्त घेतले तर ते रास्त आहेत.

फेरी कमी करण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे शेजार. चार घरांनी एक यादी केली, दोघं जण बाजाराला गेले आणि येताना एकच टेंपो ठरवला, तर भाडं चौघांत वाटलं जातं. घाऊक दुकानात पोत्याचा आणि तेलाच्या डब्याचा भावही मागता येतो. हे काही नवं नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ सालापासून हेच करते आहे. शेजारची कुटुंबं मिळून संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, माल एका घरी उतरतो आणि सभासद आपसांत वाटून घेतात. दुकानही नको आणि कुणाची गाडीही नको. आपल्या वाड्यावस्त्यांवर महिलांचे बचत गट आहेत. पैसे गोळा करण्याची, वही लिहिण्याची शिस्त त्यांच्या हाताशी आहे. त्यांनी हे काम अंगावर घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. एकच काळजी घ्या: पैसे यादीबरोबर आधी जमा करा आणि दुकानाची पावती सगळ्यांना दाखवा. नाहीतर उधारीपायी शेजार तुटतो.

यादी करताना रेशन विसरू नका. रेशनचं धान्य १ जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिना पस्तीस किलो मिळतं. कार्ड आधारशी जोडलेलं असेल, तर ते आपल्याच दुकानातून घ्यावं अशी सक्ती आता नाही. मजुरीला दुसऱ्या गावी असाल, तर तिथल्या दुकानातही अंगठा लावून ते मिळू शकतं. बरंच धान्य केवळ माहिती नसल्यामुळे सोडलं जातं.

आपल्या मावळात तांदळाची चिंता थोडी कमी. इंद्रायणी तांदळाचं वाण इथल्याच वडगावच्या कृषी संशोधन केंद्रातलं, १९८७ सालचं. ज्यांच्या घरी भात पिकतो त्यांना विकत घ्यायचं ते गहू, डाळ, तेल, कांदा, मिरची. इथे पावसाळ्याची बेगमी कामाला येते. तूर साधारण जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात येते, गहू मार्च-एप्रिलमध्ये, आणि टिकाऊ उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये. आवक भरपूर असते तेव्हा भाव बहुधा उतरलेले असतात, शिवाय रस्ताही कोरडा असतो. गहू आणि डाळ कडक उन्हात वाळवून, थंड करून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. आमच्या डोंगरातली ओल भयंकर. जूनमध्ये वाळवू म्हणाल, तर डाळीला पोरकिडे आणि पिठाला बुरशी ठरलेली. शनिवार-रविवारी मात्र बाजाराला निघू नका. पर्यटकांच्या गाड्यांनी घाटरस्ता तुंबतो आणि टेंपोवाला थांबल्याचे पैसे लावतो.

शेवटी पाकीट. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त असतं असं नाही. किमतीशेजारी ग्रॅममागे किंवा किलोमागे दर छापलेला असतो, तो दोन पाकिटांवर ताडून पाहा. सुटा माल घेताना काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे का, हे बघा. मापात खोट दिसली किंवा छापील किमतीपेक्षा जास्त मागितले, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करता येते.

या महिन्याची यादी लिहायला बसाल, तेव्हा आधी शेजारच्या दोन घरांना विचारा, त्यांना काय आणायचं आहे.